फाईल 'पूर्ण' आहे का, हे सॉफ्टवेअरला कसं कळणार?

एखाद्याचं साधं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं आणि तीन दिवसांत माणूस घरी गेला, तरी हॉस्पिटलात मागे राहणारी त्याची फाईल चांगली बोटभर जाड असते. ॲडमिशनचा कागद, कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांच्या नोट्स, रोजच्या राऊंडचे शेरे, सिस्टरांनी भरलेला टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वास), औषधांचा चार्ट, लॅबचे रिपोर्ट, सोनोग्राफी, दोन-तीन संमतीपत्रं, भूलतज्ज्ञांचा कागद, ऑपरेशनची नोट, डिस्चार्ज कार्डाची कॉपी आणि मधेच कुठेतरी नातेवाइकाच्या आधार कार्डाची झेरॉक्स. ही फाईल पूर्ण आहे का हे तपासणारं सॉफ्टवेअर करायचंय असं म्हटलं की नवा प्रोग्रामर लगेच म्हणतो, सोपं आहे, रिकामे रकाने मोजू. इथेच गाडी चुकीच्या रस्त्याला लागते, कशी ते सांगतो.

त्याआधी एक पटकन, ही पूर्ण फाईल लागते कोणाला? सगळ्यात आधी रात्रपाळीच्या आरएमओला, म्हणजे हॉस्पिटलात ड्यूटीवर असलेल्या डॉक्टरला, ज्याने हा पेशंट आधी कधी पाहिलेलाच नाही आणि रात्री अडीचला त्याला कागदावरूनच ठरवायचंय की कोणतं इंजेक्शन देऊन झालंय आणि ॲलर्जी कशाची आहे. मग मेडिक्लेमच्या टीपीएला (विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारी संस्था), एक कागद कमी दिसला की क्वेरी टाकून ते मोकळे. मग एनएबीएचच्या, म्हणजे हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणाऱ्या संस्थेच्या, असेसरला. कधीमधी कोर्टाला. आणि खुद्द पेशंटला, हे बरेच जण विसरतात. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांप्रमाणे ॲडमिट पेशंटचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं ठेवावं लागतं आणि पेशंटने किंवा त्याच्या वतीने कोणी मागितलं तर ७२ तासांत द्यावं लागतं. मागणी आली की एमआरडीत, म्हणजे मेडिकल रेकॉर्ड डिपार्टमेंटमध्ये, जी पळापळ होते ती बघण्यासारखी असते.

आता रिकामे रकाने. समजा फॉर्ममध्ये शेवटच्या पाळीची तारीख असा रकाना आहे. पेशंट पुरुष असेल तर तो रिकामाच राहणार आणि तेच बरोबर. पेशंट २६ वर्षांची बाई असेल आणि तिचा पोटाचा सीटी स्कॅन झाला असेल तर तोच रकाना रिकामा असणं ही गंभीर गोष्ट आहे, कारण प्रेग्नन्सी आहे का हे न विचारता एक्स-रेचा डोस दिला गेला असू शकतो. रकाना तोच, रिकामा पण तसाच, अर्थ मात्र अगदी उलटा. आणि याहून मोठी अडचण म्हणजे जो कागद फाईलला लागलाच नाही त्याचे रकाने कुठे मोजणार? रक्त चढवलं पण रक्ताचं संमतीपत्र घेतलंच नाही, तर रिकामा रकानाच नाहीये, सगळं हिरवं दिसणार. म्हणजे फाईलमध्ये काय आहे हे बघून फाईल पूर्ण आहे का ते कळत नाही, आधी ठरवावं लागतं की या पेशंटच्या फाईलमध्ये काय काय असायला हवं होतं, ती यादी प्रत्येक पेशंटची वेगळी असते, आणि खरं सॉफ्टवेअर म्हणजे ही यादी बनवणं. तपासणं हे नंतरचं, सोपं काम.

ही यादी बनवायची कशावरून, तर पेशंटच्या बाबतीत काय काय घडलं त्यावरून. पण जे घडलं ते फाईलमध्येच लिहिलेलं असतं आणि फाईल अपुरी आहे हाच तर आपला संशय आहे, मग विश्वास कोणावर ठेवायचा? माझं उत्तर ऐकून डॉक्टर लोक थोडे चिडतात पण सांगतो: बिलावर. हॉस्पिटलात नोट लिहायची राहील, सही राहील, वेळ टाकायची राहील, पण बिलात रक्ताची पिशवी लागायची राहत नाही. बिलिंग, फार्मसीचा इश्यू (तिथून काय दिलं त्याची नोंद), ऑपरेशन थिएटरचं रजिस्टर आणि लॅबची ऑर्डर हे चार साक्षीदार फाईलच्या बाहेरचे आहेत, त्यांना फाईल चांगली दिसण्यात काही रस नाही, म्हणून ते कामाचे.

रक्ताच्याच पिशवीचं उदाहरण पूर्ण बघू, कारण सगळं डिझाईन यात दिसतं. बिलात एक पिशवी दिसली की सॉफ्टवेअर मनात म्हणणार, म्हणजे फाईलमध्ये रक्त देण्याची डॉक्टरची ऑर्डर हवी, रक्तासाठी वेगळं संमतीपत्र हवं, क्रॉसमॅचचा (रक्त पेशंटला जुळतं का त्या चाचणीचा) रिपोर्ट हवा, त्या रिपोर्टवरचा पिशवीचा नंबर आणि ट्रान्सफ्युजनच्या कागदावरचा नंबर एकच हवा, सुरू केल्याची वेळ आणि संपल्याची वेळ हवी, सुरुवातीच्या १५ मिनिटांत नाडी-बीपी-तापमान घेतल्याची नोंद हवी (रिॲक्शन आली तर बऱ्याचदा सुरुवातीलाच येते), आणि सुरू होऊन संपेपर्यंत ४ तासांपेक्षा जास्त वेळ गेला असेल तर ते वेगळं दाखवायला हवं. एका बिलाच्या ओळीतून सात-आठ अपेक्षा तयार झाल्या. तसंच इम्प्लांट बिलात आला, म्हणजे गुडघ्याचा सांधा म्हणा किंवा स्टेंट म्हणा, तर त्याचं बॅच नंबरचं स्टिकर फाईलमध्ये चिकटवलेलं हवं. थिएटरचा चार्ज लागला तर ऑपरेशनचं संमतीपत्र, भुलीचं संमतीपत्र, भुलीआधीची तपासणी, ऑपरेशन नोट, सगळी माळ लागली.

अर्थात बिलही शंभर टक्के भोळेपणाने घेऊन चालत नाही. पिशवी मागवली, ऐनवेळी लागली नाही, परत गेली, तर इश्यूमधून रिटर्न वजा केल्याशिवाय नियम चालवला की उगाच सिस्टरांच्या डोक्यावर खापर. आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या ठिकाणी पॅकेज असतं, तिथे एकेक वस्तू बिलात दिसतच नाही, मग फार्मसी आणि स्टोअरच्या इश्यूवर जावं लागतं. गंमत म्हणजे त्या योजनेत कोणत्या पॅकेजला कोणते रिपोर्ट लावायचे हे आधीच ठरलेलं असतं, म्हणजे अर्धी यादी आयती मिळते.

हे नियम कोडमध्ये पुरून ठेवू नका, ही माझी कळकळीची विनंती. एक साधं टेबल ठेवा: काय घडलं की, कोणता कागद हवा, किती वेळात हवा, कोणी भरायचा, नसेल तर किती गंभीर, आणि हा नियम कधीपासून लागू. शेवटचा कॉलम सगळे विसरतात. एनएबीएचच्या हॉस्पिटल स्टँडर्डची पाचवी आवृत्ती २०२० ची आहे आणि सहावी २०२५ ची, मधे अपेक्षा बदलल्या, आता २०२२ मधल्या फाईलला २०२५ च्या नियमाने नापास करण्यात काय अर्थ आहे. नियम टेबलमध्ये असला की क्वालिटीच्या मॅडम स्वतः बदलू शकतात, प्रत्येक वेळी आयटीवाल्याला फोन करून त्याच्या रिलीजची वाट बघायला लागत नाही.

संमतीपत्राचा भाग तर खास आहे. सुप्रीम कोर्टाचा २००८ चा समिरा कोहली खटल्याचा निकाल हॉस्पिटलच्या ट्रेनिंगमध्ये हमखास सांगितला जातो, त्यातला मुद्दा असा की लॅप्रोस्कोपीने तपासणी करायला दिलेली संमती ही गर्भाशय काढायला दिलेली संमती होत नाही, जिवावर बेतलेलं असेल तरच अपवाद. म्हणजे फाईलमध्ये संमतीपत्र आहे, सही आहे, साक्षीदार आहे, तारीख-वेळ आहे, आणि तरीही ते झालेल्या ऑपरेशनचं नाहीच. कागद आहे एवढंच बघणारं सॉफ्टवेअर इथे फसतं. संमतीपत्रावरचं ऑपरेशन आणि ऑपरेशन नोटमधलं ऑपरेशन शेजारी शेजारी ठेवून जुळवावं लागतं. आणि जुळवायला गेलं की नवी डोकेदुखी, संमतीपत्रावर मराठीत 'सिझर' लिहिलंय, नोटमध्ये 'एलएससीएस', बिलात 'सिझेरियन पॅकेज', माणसाला लगेच कळतं तिन्ही एकच, मशीनला नाही. त्यासाठी प्रत्येक ऑपरेशनला एक कोड लावावा लागतो. आजारांना आयसीडी-१० आहेच, ऑपरेशन आणि बाकी क्लिनिकल शब्दांसाठी स्नोमेड सीटी आहे, भारत त्याचा सभासद आहे त्यामुळे इथे वापरायला फी नाही आणि त्याचं राष्ट्रीय केंद्र आपल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे. एकदम सगळे लाखो कोड आणायची गरज नाही, तुमच्या थिएटरमध्ये नेहमी होणारी शे-दोनशे ऑपरेशनं आणि त्यांची बोलीतली नावं एवढ्यावर सुरुवातीचं बरंचसं भागतं.

कोणाची फाईल हाही प्रश्नच. एकच बाई एकदा सुनीता म्हणून रजिस्टर झाली, दुसऱ्यांदा सुनिता म्हणून, दोन वेगळे नंबर पडले, आता हिची जुनी हिस्ट्री नाही असं सॉफ्टवेअर ओरडतंय आणि हिस्ट्री पलीकडच्या नंबरावर सुखात आहे. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत, तर बाळाला नावच नसतं, आईच्या नावाने 'बेबी ऑफ' अशी नोंद, आणि जुळी असली की एकाचे रिपोर्ट दुसऱ्याच्या फाईलला जायला वेळ लागत नाही. म्हणून पूर्णता तपासायच्या आधी ओळख तपासायची, उलट क्रमाने केलंत तर सगळे आकडे फुकट.

आता वेळेबद्दल. कागद असणं पुरत नाही, तो वेळेत झालेला हवा. ॲडमिट पेशंटची पहिली तपासणी आणि उपचाराचा प्लॅन २४ तासांत लिहून मुख्य डॉक्टरची सही व्हायला हवी असं एनएबीएच म्हणतं. इथे डेटाबेसमध्ये दोन वेगळ्या वेळा ठेवाव्याच लागतात, एक गोष्ट घडली ती वेळ, दुसरी ती लिहिली गेली ती वेळ. इमर्जन्सीत डॉक्टर आधी पेशंट सांभाळणार, नोट दोन तासांनी लिहिणार, यात काही गैर नाही, 'उशिरा नोंद' म्हणून ती उघडपणे लिहावी. गैर काय, तर डिस्चार्जनंतर चौथ्या दिवशी बसून पहिल्या दिवसाची वेळ टाकणं. सॉफ्टवेअरने लिहिल्याची वेळ स्वतः सर्व्हरच्या घड्याळावरून घ्यावी, कोणालाही बदलू देऊ नये, आणि जुनी नोंद खोडण्याऐवजी तिच्यावर नवी आवृत्ती लावावी. उद्या हे रेकॉर्ड कोर्टात गेलं तर १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डसोबत सर्टिफिकेट द्यावं लागतं, तेव्हा हा इतिहास नीट असला तर सर्टिफिकेटवर सही करणाऱ्याला रात्री झोप लागते.

याच वेळांवरून आणखी एक गोष्ट पकडता येते, भरलेली पण न झालेली कामं. डब्ल्यूएचओची सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट २००८ साली आली, १९ मुद्दे, तीन टप्पे: भूल देण्याआधी, चीर देण्याआधी, आणि पेशंट थिएटरबाहेर नेण्याआधी. या तिन्ही टप्प्यांच्या टिका जर एकाच मिनिटात आणि त्याही ऑपरेशन संपल्यावर पडल्या असतील तर चेकलिस्ट १०० टक्के भरलेली आहे आणि तिचा उपयोग शून्य. टीपीआर चार्टवर तीन दिवस श्वासाचा वेग प्रत्येक वेळी अगदी २०, तेही न्यूमोनियाच्या पेशंटचा, हेही तसंच. रोजच्या राऊंडची नोट काल जशी होती तशी आज, अक्षर न अक्षर, कॉपी-पेस्ट. सॉफ्टवेअरने इथे 'खोटं' असा शिक्का मारायचा नाही, नुसतं 'एकदा बघा' म्हणून माणसाकडे पाठवायचं, कारण कधीकधी पेशंट खरंच तीन दिवस स्थिर असतो.

आणि हे असं का होतं त्याला बऱ्याचदा सॉफ्टवेअरच जबाबदार असतं बरं का. मॅनेजमेंटने सांगितलं की पूर्णता ९५ टक्के पाहिजे, आयटीने सगळे रकाने कम्पल्सरी करून टाकले, भरल्याशिवाय पुढची स्क्रीन उघडत नाही, आता रात्री एका सिस्टरकडे अर्धा वॉर्ड आहे, तिने काय करावं? ती टिंब टाकते. किंवा 'एनएडी', म्हणजे काही दोष आढळला नाही. रकाना रिकामा होता तेव्हा निदान कळत तरी होतं की माहिती नाही, आता माहिती आहे असं दिसतं आणि ती नाहीये, हे जास्त धोक्याचं. म्हणून माझं मत असं की कम्पल्सरी रकाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके ठेवा, ॲलर्जी, वजन (लहान मुलांचा डोस वजनावर असतो), ओळख, असे. बाकीच्यांना 'विचारलं पण पेशंटला सांगता आलं नाही' असा प्रामाणिक पर्याय द्या.

कायदा मात्र कधीकधी इतका समजूतदार नसतो. सोनोग्राफी सेंटरचा एफ फॉर्म (गरोदर बाईच्या सोनोग्राफीसाठी भरायचा) घ्या, गर्भलिंग निदानाविरुद्धच्या कायद्यात त्यातली त्रुटी म्हणजे कायद्याचा भंगच धरला जातो, डॉक्टरांच्या संघटनेने त्याला आव्हान दिलं होतं, पण २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती तरतूद कायम ठेवली. तेव्हा नियमांच्या टेबलात 'किती गंभीर' हा कॉलम का हवा ते लक्षात आलं असेल, एफ फॉर्ममधला एक रकाना आणि ॲडमिशन फॉर्ममधला नातेवाइकाचा दुसरा मोबाईल नंबर यांना एकच मार्क देणं म्हणजे थट्टा आहे.

इथवर मी असं बोलतोय जणू सगळं कॉम्प्युटरवर आहे. आपल्याकडच्या कितीतरी हॉस्पिटलांत तसं नसतं, बिल, लॅब आणि फार्मसी सिस्टीममध्ये, नर्सिंग आणि डॉक्टरांच्या नोट्स कागदावर, डिस्चार्जनंतर एमआरडी सगळं स्कॅन करून एक भलीमोठी पीडीएफ करून ठेवते. त्यात सॉफ्टवेअरने काय शोधायचं? डॉक्टरचं अक्षर वाचून दाखवतो असं कोणी व्हेंडर म्हणाला तर हसून चहा पाजा आणि तुमच्याच दहा फायली वाचायला द्या. त्यापेक्षा स्वस्त उपाय म्हणजे प्रत्येक छापील फॉर्मवर कोपऱ्यात क्यूआर कोड, त्यात फॉर्मचा प्रकार आणि पेशंटचा आयपीडी (ॲडमिशनचा) नंबर. स्कॅन झाला की पानं आपोआप लागतात, कोणता फॉर्म आहे आणि कोणता नाही ते लगेच कळतं, चुकून शेजारच्या बेडचा कागद आला असेल तर तोही पकडला जातो. सहीच्या चौकोनात शाई आहे का एवढं मशीन सांगू शकतं. कोणाची सही आणि काय लिहिलंय ते माणूस बघेल, चालेल.

गुण देताना एक गडबड सर्रास होते. समजा तपासायचे ४० मुद्दे आहेत, त्यातले १० या पेशंटला लागूच नाहीत, २४ सापडले, ६ नाहीत. बरोबर गुण २४ भागिले ३०, म्हणजे ८० टक्के. पण कितीतरी एक्सेल शीटमध्ये 'लागू नाही' ला 'आहे' धरतात, मग ३४ भागिले ४०, म्हणजे ८५. फुकटचे पाच टक्के, आणि जितका पेशंट साधा तितके जास्त फुकटचे. म्हणून उत्तरं चार ठेवायची: आहे, नाही, लागू नाही, आणि बघता आलं नाही. चौथं यासाठी की पान पुसट स्कॅन झालं असेल तर तो डॉक्टरचा दोष नाही.

किती फायली तपासायच्या? महिन्याला ४०० डिस्चार्ज असतील आणि ९५ टक्के खात्रीने, पाच टक्के इकडेतिकडे धरून अंदाज हवा असेल तर सँपलचं गणित १९६ वर येतं, जवळपास निम्म्या. हाताने हे करणं म्हणजे एमआरडीची माणसं बाकी काही करणारच नाहीत. सॉफ्टवेअरचा फायदा इथे की कागद आहे-नाही, वेळ, सही हे वरवरचं सगळ्या ४०० फायलींचं रोजच्या रोज तपासून होतं आणि माणसाने फक्त आशय बघायचा, त्यासाठी सँपल पुरतं. मृत्यू, डामा (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घेतलेला डिस्चार्ज), एमएलसी (पोलिसांना कळवावी लागणारी केस), आयसीयू, परत थिएटरमध्ये न्यावा लागलेला पेशंट, या फायली मात्र सँपलवर सोडू नका, सगळ्या बघा. माणसांच्या तपासणीतही प्रश्न नेमका हवा, 'संमतीपत्र योग्य आहे का' असं विचारलं की दोन ऑडिटर दोन उत्तरं देणार, 'ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरचं नाव लिहिलंय का' असं विचारलं की भांडण मिटलं.

डिस्चार्ज झालेल्या फायलींइतकंच चालू पेशंटच्या फायलींचं ऑडिट महत्त्वाचं, एनएबीएचलाही दोन्ही हवेत. पेशंट अजून बेडवर आहे तोवर राहिलेली गोष्ट खरोखर दुरुस्त होते, ॲलर्जी विचारता येते, गेल्यानंतर नुसती कागदाची डागडुजी. शिवाय २०२४ पासून विमा नियामकाने कॅशलेसला डिस्चार्जची अंतिम मंजुरी ३ तासांत द्यायला सांगितलंय, म्हणजे त्या तीन तासांत क्वेरी आली की सगळे फाईल घेऊन धावतात, तीच यादी आदल्या रात्री इन-चार्ज सिस्टरला आणि हाऊसमनला (वॉर्डातल्या ज्युनियर डॉक्टरला) दिसली असती तर धावाधाव वाचली असती. ज्याचं काम राहिलंय त्यालाच सूचना जावी, भूलतज्ज्ञांचं राहिलेलं सिस्टरांना सांगून उपयोग नाही, आणि सगळ्यांचं सगळ्यांना पाठवलं तर कोणीच वाचत नाही.

एक गोष्ट थोडक्यात पण टाळू नका: ऑडिटरला पेशंटचं नाव कशाला दिसायला हवं? वरवरच्या तपासणीला फाईल नंबर पुरतो. एचआयव्हीच्या रिपोर्टबाबत तर २०१७ चा स्वतंत्र कायदाच गुप्ततेची सक्ती करतो, तेव्हा रिपोर्ट आहे की नाही एवढं दाखवा, निकाल झाका.

सुरुवात करायची असेल तर एका वॉर्डपासून करा, आणि तीनच नियम घ्या: रक्त, ऑपरेशनची संमती, डिस्चार्ज समरी. एमआरडीत वर्षानुवर्षं फायली बघणारी एखादी अनुभवी व्यक्ती असतेच, त्यांच्याकडून जुन्या पन्नास फायली तपासून घ्या, त्यांची उत्तरं बाजूला ठेवा, मग त्याच फायलींवर सॉफ्टवेअर चालवा. त्यांनी पकडलेलं आणि सॉफ्टवेअरने सोडलेलं, हे एका बाजूला लिहा. सॉफ्टवेअरने उगाच ओरडलेलं दुसऱ्या बाजूला. दुसरी यादी आधी कमी करा, कारण चार वेळा खोटी सूचना आली की सिस्टर पाचव्यांदा ती स्क्रीन उघडत नाहीत, आणि नेमकी पाचवी खरी असू शकते.